दुबईत नव्याने येणाऱ्या मराठी आईबाबांसाठी: नर्सरी कशी शोधायची, कशी तपासायची

संयुक्त अरब अमिरातीत खासगी नोकरीतली बाळंतपणाची रजा ६० दिवसांची आहे. त्यातले ४५ दिवस पूर्ण पगारी, उरलेले १५ अर्ध्या पगारी. भारतात २०१७ पासून २६ आठवडे मिळतात, त्यामुळे पुण्या-मुंबईहून इथे नोकरीला आलेल्या बाईला हा पहिला धक्का बसतो. दुसरा धक्का माणसांचा. आजी मदतीला येते, पण व्हिजिट व्हिसावर. महिना-दोन महिने झाले की तिची परतायची वेळ होते. बाळ अजून धड मान धरत नसतं आणि त्याला दिवसभर कोणाकडे ठेवायचं हा प्रश्न दारात उभा असतो. इथल्या नर्सऱ्या ४५ दिवसांच्या बाळापासून घेतात हे ऐकून नवे लोक दचकतात. जुन्या कामगार कायद्यात रजाच ४५ दिवसांची होती, हे कळलं की मग त्या आकड्याचा अर्थ लागतो.

या गरजेतूनच दुबईतला नर्सरीचा व्यवसाय एवढा वाढला. २०१० च्या सुमारास शहराची लोकसंख्या १९ लाखांच्या आसपास होती, २०२४ अखेर ती ३८ लाखांच्या वर गेली. येणाऱ्यांत तरुण जोडपी भरपूर, दोघंही नोकरी करणारी, आणि घरात तिसरं मोठं माणूस नाही. पूर्वी नर्सरी म्हणजे जुमेरा किंवा उम्म सुकैममधला एखादा बंगला, पुढे थोडी बाग, मालकीण स्वतः हजर. आता टॉवरच्या तळमजल्यावर, ऑफिसांच्या वसाहतीत, मॉलमध्ये नर्सऱ्या आहेत. साखळी कंपन्या आल्या, बाहेरचे गुंतवणूकदार आले. फ्रान्सच्या बाबिलू समूहाने इथल्या ब्लॉसम नर्सऱ्या ताब्यात घेतल्या. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे सगळ्या नर्सऱ्या बंद झाल्या, काही पुन्हा उघडल्याच नाहीत. त्यानंतर मात्र नव्या वस्त्यांत पुन्हा झपाट्याने वाढल्या.

याचा तुमच्यासाठी अर्थ असा: दिसायला सुंदर जागा आता मुबलक आहेत. रंगीत भिंती, लाकडी खेळणी, इंग्लंडचा अभ्यासक्रम, मोबाईलवर फोटो पाठवणारं ॲप, हे बहुतेक ठिकाणी मिळेल. दुर्मीळ आहे ते टिकून राहिलेलं, प्रेमळ, प्रशिक्षित माणूस. तुमचं मूल दिवसाचे आठ-नऊ तास ज्या बाईच्या कडेवर असणार आहे ती कोण, हे शोधण्यासाठी पुढची सगळी खटपट.

१. भारतातून निघण्याआधी

सगळ्यात आधी जन्माचा दाखला बघा. आपल्याकडे महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला बाळाचं नाव ठरण्याआधीच काढलेला असतो आणि नावाची जागा कोरी राहते. नाव चढवून नवी प्रत घ्या. आईवडिलांच्या नावांचं स्पेलिंग पासपोर्टशी अक्षरन्‌अक्षर जुळतं का ते तपासा; आडनाव पुढे-मागे असलं तरी इथे अडतं. मग त्या दाखल्याचं साक्षांकन: राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय, यूएईच्या वकिलातीचा शिक्का आणि शेवटी इथल्या परराष्ट्र खात्याचा. मुलाच्या व्हिसासाठी हे लागतं, आणि इथे आल्यावर कागद परत भारतात पाठवून करून घेणं फार वेळखाऊ होतं. लग्नाच्या दाखल्याचंही त्याच फेरीत उरकून घ्या. कुटुंबाचा व्हिसा काढायला नोकरी करणाऱ्याचा पगार किमान ४,००० दिरहम, किंवा ३,००० दिरहम आणि कंपनीची राहायची जागा, असावा लागतो.

दुसरा कागद लसीकरणाचा. आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या पिवळ्या-निळ्या पुस्तिकेत तारखा हाताने लिहिलेल्या असतात, कधी नुसत्याच स्टिकर चिकटवलेल्या. डॉक्टरांकडून सगळ्या लसींची नावं आणि तारखा असलेलं एक टाईप केलेलं पान, सही-शिक्क्यासह, मागून घ्या. कांजिण्यांची लस भारताच्या सरकारी वेळापत्रकात नाही, इथे ती वर्षाच्या मुलाला देतात. तुमच्या मुलाने ती घेतलेली नसेल तर नर्सरीची परिचारिका विचारणारच. आधीच कळलं तर गडबड होत नाही.

२. वयाचा हिशेब

इथे नर्सरी आणि शाळा यांची सीमा पुसट आहे. तीन वर्षांच्या मुलाला तुम्ही नर्सरीत ठेवू शकता किंवा ब्रिटिश पद्धतीच्या शाळेच्या पहिल्या वर्गात, ज्याला एफएस-१ म्हणतात, घालू शकता. भारतीय शाळांत साधारणपणे केजी-१ पासून सुरुवात होते, त्याला चार वर्षं पूर्ण लागतात.

गोंधळ होतो तो शैक्षणिक वर्षाचा. भारतीय शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात आणि प्रवेशाचं वय ज्या तारखेपर्यंत पूर्ण व्हावं लागतं ती त्यांची तारीख ३१ मार्च आहे. ब्रिटिश, अमेरिकन वगैरे शाळा आणि बहुतेक नर्सऱ्या ऑगस्टअखेर-सप्टेंबरमध्ये सुरू होतात. त्यांची तारीख बरीच वर्षं ३१ ऑगस्ट होती, २०२६-२७ च्या वर्षापासून ती ३१ डिसेंबर झाली आहे. तेव्हा जुन्या रहिवाशांनी सांगितलेली तारीख धरून चालू नका. मूल पुढे भारतीय शाळेत जाणार असेल तर नर्सरीचं वर्ष मार्चमध्येच मोडावं लागतं आणि शेवटच्या सत्राची फी कशी आकारतात हे प्रवेशाच्या वेळीच विचारायला हवं.

दोन-तीन वर्षांत महाराष्ट्रात परतायचा विचार असलेल्यांनी एवढंच लक्षात ठेवावं: तिकडे पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण असावी लागतात. इथे नर्सरीत काढलेल्या वर्षांमुळे काही बिघडत नाही.

३. परवाना, आणि शेजारच्या ‘आँटी’चा प्रश्न

दुबईत नर्सऱ्यांना परवाना केएचडीए ही संस्था देते, अबू धाबीत ॲडेक, शारजात एसपीईए. तुम्ही पाहत असलेली नर्सरी कोणत्या अमिरातीत आहे त्याप्रमाणे संबंधित संस्थेच्या संकेतस्थळावर तिचं नाव शोधा. परवान्याची प्रत नर्सरीत दर्शनी भागात लावलेली असावी. नसेल तर मागा. मागायला संकोच वाटू देऊ नका, हे रोजचं आहे.

करामा, बर दुबई, अल नहदा, शारजातल्या इमारतींत घरात मुलं सांभाळणाऱ्या बायका आहेत हे तुम्हाला आल्या आल्या कोणीतरी सांगेल. त्या स्वस्त असतात, आपली भाषा बोलतात, संध्याकाळी उशीर झाला तरी कुरकुर करत नाहीत. त्यांच्यातल्या बऱ्याच जणी मनापासून सांभाळतात, हेही खरं. पण परवान्याशिवाय घरात पाळणाघर चालवणं इथे बेकायदा आहे. दुसऱ्याच्या व्हिसावरची बाई कामाला ठेवणंही बेकायदा आहे आणि दंड जबर आहेत. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मुलाला काही झालं तर विचारायला कोणतीही यंत्रणा मागे नाही. किती मुलं एका खोलीत आहेत हे बघायला कोणी येत नाही. परवडत नाही म्हणून लोक तिकडे वळतात आणि त्यांना दोष देणं मला पटत नाही. पण जरा थांबा आणि आधी पुढचा फीचा भाग वाचा. अर्ध्या दिवसाची परवानाधारक नर्सरी आणि आईबाबांपैकी एकाची बदललेली पाळी, असं गणित अनेकांचं जमतं.

घरात पूर्णवेळ मदतनीस ठेवायची असेल तर ती तद्‌बीर केंद्रांमार्फत, म्हणजे घरकामगार पुरवणाऱ्या मान्यताप्राप्त केंद्रांमार्फत, रीतसर व्हिसावर ठेवा.

४. घराजवळ की ऑफिसजवळ

घराजवळ, असं माझं स्पष्ट मत आहे. सकाळी शेख झायेद रोडवर किंवा शारजाहून दुबईत येताना लागणाऱ्या रांगेत दीड वर्षाचं मूल कारसीटमध्ये तासभर बसत नाही. शिवाय मूल आजारी असलं किंवा तुमची सुट्टी असली तर ऑफिसजवळच्या नर्सरीत जाणं निरर्थक होतं. एकच अपवाद: अंगावर पिणारं बाळ. कायद्याने आईला प्रसूतीनंतर सहा महिने दिवसाला एक तासापर्यंत स्तनपानाची सुट्टी मिळते, आणि नर्सरी ऑफिसच्या इमारतीतच असेल तर तो तास खरोखर वापरता येतो.

कारसीट पहिल्या दिवसापासून घ्या. चार वर्षांखालच्या मुलाला ती सक्तीची आहे, नसेल तर ४०० दिरहम दंड.

वेळा नीट विचारा. ‘पूर्ण दिवस’ म्हणजे कुठे तीन वाजेपर्यंत, कुठे सहापर्यंत. २०२२ पासून सरकारी कार्यालयं शुक्रवारी अर्धा दिवस चालतात आणि अनेक नर्सऱ्या त्या दिवशी दुपारी बंद होतात. तुमची खासगी कंपनी मात्र शुक्रवारी पूर्ण दिवस चालू असू शकते. रमजानमध्ये वेळा कमी होतात. ईदच्या सुट्टीचा दिवस चंद्रदर्शनावर ठरतो, म्हणून अगदी ऐनवेळी कळतो. वर्षभराचं सुट्ट्यांचं वेळापत्रक मागून घ्या आणि आपल्या रजांशेजारी ठेवून बघा. उन्हाळ्यात जुलै-ऑगस्टला बहुतेक ठिकाणी ‘समर कॅम्प’ असतो, त्याचे पैसे वेगळे आणि शिक्षिकाही बऱ्याचदा वेगळ्या.

५. प्रत्यक्ष भेट: इथे घाई करू नका

पहिल्या भेटीत तुम्हाला ठरलेला फेरफटका घडवतात. तो घ्या, पण निर्णय त्यावर करू नका. दुसरी भेट मागा आणि ती जेवणाच्या किंवा झोपेच्या वेळेची मागा. दहा वाजता सगळ्याच नर्सऱ्या छान दिसतात. बारा वाजता, जेव्हा चार मुलं भुकेली, दोन झोपाळलेली आणि एक रडत असतं, तेव्हा ती जागा खरी कशी आहे ते कळतं.

मी नव्या आईबाबांसोबत जाते तेव्हा सगळ्यात आधी डायपर बदलायच्या जागेपाशी थांबते. भिंतीवर तक्ता आहे का, त्यावर आजच्या नोंदी आहेत का, की सगळ्या रकान्यांत एकाच पेनाने एकाच वेळी बरोबरच्या खुणा केल्या आहेत? प्रत्येक मुलानंतर हातमोजे बदलतात का, गादी पुसतात का? बाई मुलाशी बोलते का? शी काढताना मुलाच्या डोळ्यांत बघून दोन शब्द बोलणारी बाई मिळाली की अर्धं काम झालं असं समजा, कारण ते कोणाला दाखवण्यासाठी केलेलं नसतं.

मग झोपायची खोली. तान्ही बाळं पाठीवर झोपवलेली हवीत, पाळण्यात उशी किंवा जाड दुलई नको, आणि खोलीत कोणीतरी मोठं माणूस बसलेलं हवं. दुधाची बाटली उशीला टेकवून बाळाच्या तोंडात दिलेली दिसली तर तिथून निघा. बाटल्यांवर, पाण्याच्या कपांवर नावं आहेत का ते बघा.

मुलं किती आणि मोठी माणसं किती, हे मोजा. विचारू नका, मोजा. इथे बहुसंख्य नर्सऱ्या इंग्लंडचा ईवायएफएस हा अभ्यासक्रम चालवतो असं सांगतात. इंग्लंडमध्ये त्या चौकटीत दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक, दोन वर्षांच्या पाच मुलांमागे एक माणूस लागतं. स्थानिक नियम वेगळे असतात, पण इंग्लंडचं नाव घेणाऱ्या नर्सरीला तिकडचंच प्रमाण इथे पाळता का, हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. उत्तर देताना व्यवस्थापिका सफाई करणाऱ्या बाईलाही मोजत असेल तर ते लक्षात येईल.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: या वर्गातली मुख्य शिक्षिका किती दिवसांपासून इथे आहे? आणि तिच्या सोबतची मदतनीस? नर्सऱ्या भराभर वाढल्या, पण अनुभवी माणसं त्या वेगाने वाढली नाहीत. फिलिपिन्स, दक्षिण आफ्रिका, ब्रिटन, इजिप्त, लेबनॉन, श्रीलंका, भारत असं कुठून कुठून कर्मचारी येतात. करार दोन वर्षांचे, आणि शेजारी नवी शाखा उघडली, चारशे दिरहम जास्त मिळाले की माणूस जातं. त्यात त्यांची चूक नाही, त्यांचीही मुलं मागे कुठेतरी आजीकडे वाढत असतात. पण तुमच्या मुलाच्या दृष्टीने वर्षात तिसरी नवी बाई म्हणजे तीनदा पहिल्यापासून सुरुवात. दोन-तीन वर्षं टिकलेली माणसं जिथे दिसतात तिथे पगार आणि वागणूक ठीक असते, आणि माझ्या अनुभवात ती नर्सरी बहुतेक वेळा मुलांसाठीही चांगली असते, भिंतींचा रंग उडालेला असला तरी. मदतनिसांना नावाने हाक मारून दोन मिनिटं बोला. तुमच्याशी बोलताना त्या व्यवस्थापिकेकडे बघतात की मोकळेपणाने बोलतात, एवढं पाहिलंत तरी पुरे.

माँटेसोरी, रेज्जो एमिलिया, ईवायएफएस या शिकवण्याच्या पद्धतींवर फार डोकं शिणवू नका. तीन वर्षांच्या आतल्या मुलासाठी हा फरक माणसांच्या फरकापुढे लहान आहे. हो, उन्हाळ्यात मुलं धावतात कुठे, हे मात्र विचारा. जून ते सप्टेंबर अंगणाचा उपयोग नाही. आत मोकळी जागा नसेल तर चार महिने मूल खुर्चीवर आणि गालिच्यावर.

६. पैसे

करामा, अल कुसैस, इंटरनॅशनल सिटी अशा भागांत अर्ध्या दिवसाची नर्सरी महिन्याला साधारण हजार-दीड हजार दिरहमपासून मिळते. जुमेरा, डाउनटाउन, मरीना भागात पूर्ण दिवसाचे चार-पाच हजार आणि त्याहूनही जास्त होतात. तान्ह्या बाळाचे दर नेहमी चढे, कारण माणसं जास्त लागतात. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५, त्यामुळे रुपया घसरला की रुपयांतला आकडा घाबरवतो. पगार दिरहममध्ये असेल तर हिशेबही दिरहममध्येच करा.

मान्यताप्राप्त नर्सरीच्या शिक्षण फीवर सहसा व्हॅट पडत नाही, पण जेवण, गणवेश, जादा उपक्रम यांवर ५ टक्के लागतो. नोंदणी फी, अनामत, वैद्यकीय फी, ‘रिसोर्स’ फी, उशिरा न्यायला आल्याचा दंड, सगळं एका कागदावर लिहून मागा. फी सत्राची असते की महिन्याची, पुढच्या तारखांचे चेक द्यावे लागतात का, नोकरी गेली किंवा बदली झाली तर किती दिवसांची सूचना आणि किती परतावा, हे सहीच्या आधी. इथे नोकरी गेली की व्हिसा जातो आणि कुटुंबाला निघावं लागतं, म्हणून हे कलम बारकाईने वाचा.

घासाघीस चालते, विशेषतः नव्या शाखांत आणि सप्टेंबर उलटल्यावर. कंपनीशी करार असेल तर सवलत असते, भावंडांना असते. मात्र चांगल्या नर्सऱ्यांत बाळांच्या खोलीतल्या जागा मोजक्याच असतात. गरोदरपणातच नाव नोंदवणारे लोक आहेत आणि ते बरोबर करतात.

७. पहिले पंधरा दिवस

पहिल्याच दिवशी आठ तास ठेवू नका. एक तास तुमच्यासोबत, मग एक तास तुमच्याशिवाय, मग जेवणापर्यंत, असं वाढवत न्या. नोकरी सुरू व्हायच्या आधीचा आठवडा यासाठी राखून ठेवा. निरोप न घेता गुपचूप सटकू नका. मूल रडेल, पण तुम्ही सांगून जाता आणि परत येता हे त्याला कळायला हवं.

एका कागदावर तुमच्या मुलाचे शब्द इंग्रजीत लिहून शिक्षिकेला द्या: मम्मम म्हणजे खायला हवं, शू, शी, गाई म्हणजे झोप, बाऊ म्हणजे लागलंय, भुर्र म्हणजे बाहेर जायचंय. केरळच्या किंवा मनिलाच्या बाईला हे शब्द कसे कळणार? कागद वर्गाच्या दाराआड चिकटवायला सांगा. आणि नर्सरीत इंग्रजी, अरबी कानावर पडतं म्हणून घरात मराठी कमी करू नका. मुलाला दोन-तीन भाषा झेपतात, घरातली भाषा तुटली तर मात्र आजीशी फोनवर बोलणं तुटतं.

डब्याचं एक ध्यानात ठेवाच. बहुतेक नर्सऱ्यांत शेंगदाणे आणि सुकामेवा पूर्ण बंद असतो, दुसऱ्या मुलांना ॲलर्जी असते म्हणून. आपल्या स्वयंपाकात दाण्याचं कूट कुठे कुठे असतं ते आपल्यालाच चटकन आठवत नाही: साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, दाण्याचा लाडू. डब्यात मऊ वरणभात, घावन, नाचणीचं सत्त्व, दही-पोहे, थालीपीठ बिनकुटाचं द्या. सर्व काही शाकाहारी हवं असेल तर नर्सरीच्या स्वयंपाकघरात अंडं आणि जिलेटिनबद्दलही स्पष्ट सांगा.

पहिल्या वर्षी मूल वारंवार आजारी पडेल. सर्दी, ताप, हात-पाय-तोंडाला पुरळ येणारा आजार, हे सगळं होतं आणि नर्सरी मुलाला घरी पाठवते. ताप उतरून किती तास झाल्यावर परत घेतात हे विचारून ठेवा. अशा दिवशी घरी कोण राहणार हे नवराबायकोने आधीच वाटून घ्या, नाहीतर दर वेळी आईचीच रजा संपते.

महिनाभराने स्वतःच तपासा. घरी आल्यावर थकवा, चिडचिड चालेल. पण नर्सरीच्या रस्त्याला लागताच रोज अंग आखडून घेणारं, खाणं सोडलेलं, किंवा एखाद्या ठरावीक बाईला पाहून घाबरणारं मूल काहीतरी सांगत असतं. आधी शिक्षिकेशी बोला, मग व्यवस्थापिकेशी, आणि सांगितलेलं ईमेलवर लिहून ठेवा. मुलाला दुखापत किंवा मारहाणीची शंका असेल तर नर्सरीच्या उत्तराची वाट न पाहता केएचडीएकडे आणि पोलिसांकडे जा. २०१६ च्या वदीमा कायद्याने इथे मुलांना भक्कम संरक्षण दिलं आहे आणि परदेशी म्हणून तुमचा हक्क कमी होत नाही. आणि शंका एवढी मोठी नसली, नुसतं जमत नाहीये असं दिसलं, तर पुढच्या सत्राची फी भरण्याआधी लेखी सूचना द्या आणि मधल्या काळात दुसरी जागा शोधायला लागा. अनामत बुडेल म्हणून मूल तिथेच ठेवू नका.